मागावरचे म्हातारपण आणि परिचर्येचे शिक्षण



मालेगावात मागावर हयात घालवलेल्या माणसाला म्हातारपण लवकर गाठते. बारा-बारा तासांची पाळी, ९० डेसिबलच्या वर जाणारा खडखडाट आणि श्वासनलिका आखडवणारी कापसाची धूळ, यांतून तो बाहेर पडतो तेव्हा कान गेलेले असतात, छाती भरलेली असते. मजुरी विणलेल्या कापडावर. हात थांबले की तीही थांबते. निवृत्तिवेतन बहुतेकांनी ऐकलेलेच नाही.

अशा निराधारांसाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या १९ व्या कलमात जिल्ह्यागणिक किमान एक, १५० जणांचे वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. (अर्थात शब्द ‘उभारील’ नव्हे, ‘उभारू शकेल’ असा आहे. सरकारी उदारता क्रियापदात लपते.) इमारत एक वेळ उभी राहील; तेथे शुश्रूषा कोण करणार?

परिचर्येच्या विद्यार्थिनीला रुग्णालय शिकवते ते रुग्णाला बरे करून घरी पाठवणे. वृद्धाश्रमातला माणूस घरी जाणार नसतो. त्याचा न्यूमोनिया पुष्कळदा तापाने नव्हे, अचानक आलेल्या भ्रमाने कळतो. ‘म्हातारा बरळतो आहे’ म्हणून दुर्लक्ष झाले की तो दगावतो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीला व्रण पडतात. बहिऱ्याशी ओरडून बोलणे व्यर्थ आहे. वरच्या पट्टीचे स्वर आधी हरपलेले असतात. समोर बसून, ओठ दिसतील असे, खालच्या पट्टीत बोलावे लागते. आणि ते उर्दूत वा अहिराणीत, कारण दुखणे माणूस आपल्या घरच्या बोलीतच सांगतो. पडद्यात वाढलेल्या आजीला अंघोळ घालताना तिची लाज राखणे, हाही अभ्यासक्रमाचाच भाग मानला पाहिजे. विद्यार्थिनीने पहिल्या आठवड्यात नाडी मोजण्याआधी म्हाताऱ्याला त्याच्या कामाविषयी विचारावे. निम्मे निदान तेथेच होते.

पण चळवळीने आणखी एका गोष्टीवर नजर ठेवावी. ‘प्रात्यक्षिक’ या नावाखाली मुलींना फुकट राबवून आश्रम चालवण्याचा मोह संस्थांना होणारच. सेवाभावाची स्तुती करून पगार बुडवण्याची रीत जुनी आहे. प्रत्येक पाळीला पगारी, नोंदणीकृत परिचारिका हजर असल्याशिवाय एकाही विद्यार्थिनीला तेथे पाठवू नये, आणि रात्रपाळीला तर मुळीच नाही.