चालती गाडी बंद पडते तेव्हा



भाजी आणि मसाले बाजाराला न्यायला आमच्या बचत गटाने जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. चालवते आमच्यातलीच एक ताई. उन्हाळ्यात ही व्हॅन भर रस्त्यात बंद पडू लागली, तेव्हा गावाचा निकाल तयारच होता: "बाई चालवते, म्हणून बंद पडते." गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग पेट्रोल फिल्टर. पैसे गेले, दुखणं तसंच राहिलं. इकडे कर्जाचा हप्ता काही थांबत नव्हता. मग आम्ही गाडीची वही सुरू केली. ती कशी ठेवायची, ते आज सांगतो.

आधी जिवाचं बघू. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात, पण निकामी होत नाहीत. ब्रेक सारखा सारखा मारायचा नाही. एकदाच जोर लावून दाबून धरायचा. गाडी चालती असताना चावी काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. चारही इंडिकेटर लावून गाडी डाव्या कडेला घ्यायची, आणि मागे लाल त्रिकोण ठेवायचा.

आता वहीतले प्रश्न.

पहिला: गाडी बंद कशी पडली? गचके खात, दम तुटल्यासारखी बंद पडली, तर बहुधा पेट्रोल पुरेसं पोचत नाही. फिल्टर तुंबला असेल, पंप थकला असेल. दिव्याचं बटण दाबावं तशी एकदम बंद पडली, तर संशय विजेवर: सैल वायर, रिले, सेन्सर.

दुसरा: केव्हा? वेग कमी करताना किंवा सिग्नलला उभी असतानाच बंद पडत असेल, तर हवा आत येण्याच्या वाटेवर काजळी साठलेली असू शकते. कुठे हवेची नळीही फाटलेली असू शकते.

तिसरा: काटे काय सांगत होते? तापमानाचा काटा लाल खुणेवर असेल, तर गाडी लगेच सुरू करायची नाही. गरम रेडिएटरचं झाकणही उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं. इंजिन थांबल्यावर ऑइल आणि बॅटरीचे दिवे लागतात, ते साहजिक आहे. चालत्या इंजिनात लागले, तर मात्र इशारा समजायचा.

चौथा: परत सुरू कधी झाली? लगेच, की अर्ध्या तासाने?

पाचवा: चावी फिरवल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली का? आली, तर पंपाला वीज मिळते आहे.

आमच्या वहीत पाच वेळची नोंद झाली. पाचही वेळा इंजिन चांगलं तापलेलं. गचका नाही, एकदम बंद. गाडी गिअरमध्ये पुढे जात असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर. पंपाची गुणगुण मात्र येत होती. तापमानाचा काटा जागेवर. अर्ध्या तासाने, गार झाल्यावर, गाडी पुन्हा सुरू.

ही वही आम्ही दुसऱ्या मिस्त्रीला दाखवली. वाचूनच तो म्हणाला, "क्रँक सेन्सर बघायला हवा." स्कॅनर लावला, तर तोच कोड निघाला. इंजिनचा मुख्य दांडा फिरतो आहे, हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा हा छोटा भाग. तापला की तो गप्प व्हायचा. कॉम्प्युटरला वाटायचं इंजिन थांबलं, आणि तो ठिणगी व पेट्रोल दोन्ही तोडायचा. सेन्सर बदलला. तेव्हापासून गाडी वाटेत थांबलेली नाही.

मैत्रिणींनो, भाग बदलण्याआधी मिस्त्रीला दोन गोष्टी विचारा: "स्कॅनरवर काय आलं?" आणि "हाच भाग खराब आहे, हे कशावरून?" बदललेला जुना भाग आणि पावती मागून घ्या. कोड म्हणजे दिशा असते, अंतिम निकाल नाही. वायर, कनेक्टर आधी तपासायला सांगा.

गटाचे पैसे आपण वहीत मांडतो, तसंच गाडीचं दुखणंही मांडायला लागू. मग चालवणाऱ्या बाईवर कुणी उगाच बोट ठेवणार नाही. ठेवलंच, तर वही पुढे करायची.