खाटेचा विमा

(हेमंत व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय ‘वजनाची औषधे आणि सरकारी विमा : अमेरिकेचा अनुभव’. पहिल्या रांगेतल्यांनी पोट आत घ्यायचं कारण नाही, मी त्यावर बोलणार नाही. (हशा) मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर नोकरी केलेला माणूस. माझी एकच तक्रार आहे, आणि ती मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा काढतो असं घरचे म्हणतात. आपला आरोग्य विमा माणसाचा नाही, खाटेचा आहे. माणूस खाटेवर आडवा झाला की पैसे सुटतात. आडवा होऊ नये म्हणून जे काही घ्यायचं, ते त्याचं त्यानं बघायचं.

ही वजन उतरवणारी इंजेक्शनं काय आहेत ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलंच आहे, ते सोडतो. एवढंच धरून ठेवा : ओझेम्पिक मधुमेहासाठी, वेगोव्ही वजनासाठी, आणि दोन्हींत औषध एकच, सेमाग्लुटाइड.

आता मेडिकेअर. पासष्टीपुढच्या अमेरिकनांचा सरकारी विमा. 1965 साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. रुग्णालय मिळालं, शस्त्रक्रिया मिळाली, डॉक्टरांची फी मिळाली. घरी घ्यायची गोळी? तिला 2006 साल उजाडावं लागलं. चाळीस वर्षं! हा माझा खाटेचा सिद्धांत मी इथे घरी बसून काढलेला नाही, वॉशिंग्टनमध्ये तो छापून आलेला आहे. (हशा)

ज्या 2003 च्या कायद्यानं गोळी दिली, त्यानंच काही औषधं बाहेर ठेवली. केस उगवणारी, सौंदर्य वाढवणारी, सर्दी-खोकल्याची, आणि वजन कमी करणारी. ही यादी 1990 च्या जुन्या कायद्यातून उचललेली. 1997 मध्ये ‘फेन-फेन’ नावाची जोडगोळी हृदयाच्या झडपा बिघडवते असं दिसलं आणि त्यातलं फेनफ्लुरामाइन बाजारातून गेलं, तेव्हा भीतीही खरी होती. पण लठ्ठपणा टकलाशेजारी बसला तो बसलाच. अध्यक्षमहाशय, व्यक्तिगत घेऊ नये. (प्रचंड हशा)

आणि गंमत बघा. त्याच 2006 साली मेडिकेअरनं जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेला देशभर पैसे द्यायचं ठरवलं. बीएमआय 35 च्या वर आणि सोबत एखादा संबंधित आजार असला की कापा, आम्ही बिल भरतो. टोचायचं म्हणाल तर कायद्यात बसत नाही. आपल्याकडेही विमा नियामकाच्या नमुना कलमात साधारण हेच आहे : बीएमआय 40, किंवा 35 आणि गंभीर सहव्याधी, तर शस्त्रक्रिया चालेल.

जाता जाता या औषधांच्या जन्माची एक गोष्ट, दोन मिनिटांत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय आहे. तिथले डॉक्टर जॉन एंग विषारी सरड्याचा अभ्यास करत होते. गिला मॉन्स्टर हे त्याचं नाव. वर्षातून मोजक्या वेळा जेवणारा प्राणी.

(श्रोत्यांतून : यशवंती!)

अहो, ती घोरपड; आणि तिची गोष्ट दंतकथा आहे, ही खरी आहे. (हशा) त्या सरड्याच्या लाळेत एंगना 1992 च्या सुमारास एक रेणू सापडला. आपल्या आतड्यातही जीएलपी-1 नावाचं असंच एक संप्रेरक असतं, पण ते दोन-चार मिनिटांत विरून जातं. सरड्याचं तासन्तास टिकतं. पेटंट घेण्यात सरकारी खात्याला रस नव्हता, तेव्हा एंगनी ते स्वतः घेतलं. त्यातून 2005 मध्ये मधुमेहाचं एक्झेनाटाइड आलं. सेमाग्लुटाइड सरड्यापासून बनत नाही, तो गैरसमज नको. पण जीएलपी-1 चा हा रस्ता औषधापर्यंत जातो हे तिथे दिसलं. संशोधन सरकारी रुग्णालयात झालं आणि पुढे त्याच घराण्यातलं औषध सरकारी विम्याला...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

2013 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननं लठ्ठपणाला आजार म्हटलं. 2023 मध्ये सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरची सेमाग्लुटाइडची चाचणी प्रसिद्ध झाली; हृदयविकार असलेल्या स्थूल लोकांत झटका, पक्षाघात, हृदयमृत्यू यांचं प्रमाण 20 टक्क्यांनी घटलं होतं. मार्च 2024 मध्ये मेडिकेअर म्हणालं, हृदयासाठी लिहून दिलं तर वेगोव्हीचे पैसे देता येतील. नुसत्या वजनासाठी नाही.

मागे कुणीतरी विचारतंय, पैसे कुठून आणायचे? मला टाळायचं नाहीये, त्यावरच येतोय. नॉर्थ कॅरोलायना राज्यानं आपल्या कर्मचाऱ्यांच्या योजनेत हे औषध दिलं. 2023 मध्ये सुमारे 10 कोटी डॉलर गेले आणि एप्रिल 2024 पासून वजनासाठी देणं बंद केलं. अमेरिकी संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयानं हिशेब मांडला : मेडिकेअरनं दिलं तर 2026 ते 2034 या काळात साधारण 35 अब्ज डॉलर जादा लागतील, आणि आजार टळल्यामुळे होणारी बचत त्यापुढे किरकोळ. आकडे माझ्या विरुद्ध आहेत. मान्य. पण बायपास आपण बचत होते म्हणून करतो का? माणूस आजारी असतो म्हणून करतो. मग बचतीची अट एकट्या इंजेक्शनालाच का? (टाळ्या)

आणि किंमत काही देवानं ठरवलेली नाही. वेगोव्हीची छापील किंमत महिन्याला 1,349 डॉलर होती. त्याच 2003 च्या कायद्यानं सरकारला औषधांच्या भावात घासाघीस करायला मनाई केली होती. ती 2022 च्या कायद्यानं थोडी सैल झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये कंपन्यांशी करार जाहीर झाला : मेडिकेअरला 245 डॉलर, त्यात रुग्णाचे 50, तेही ठरावीक निकषांत बसणाऱ्यांना. कोट्यवधींच्या वतीनं खरेदी करणारा समोर बसला की भाव खाली येतो. एकट्या रुग्णाला हे जमत नाही.

घंटा वाजली. दोनच वाक्यं. (हशा) बरं, चार.

आपली मेडिक्लेम 1986 ची. चोवीस तास दाखल असण्याची अट तिथली. महात्मा फुले योजनाही रुग्णालयातल्या उपचारांचीच. याच घराण्यातलं मौंजारो 2025 मध्ये भारतात आलं ते सुरुवातीच्या मात्रेलाही महिन्याला 14,000 रुपये, सगळे खिशातून. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस आणि कामगारांच्या ईएसआयसी योजनेत दाखल न होताही औषधं मिळतात. म्हणजे असा विमा चालवता येतो. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची, त्यानंतर स्वस्त भारतीय औषधांना वाट मोकळी. नियामकानं आणि सरकारनं याच वेळी भाव ठरवून, निकष लावून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध विम्यात आणलं पाहिजे.

तुम्ही एवढंच करा. स्वस्त झालं म्हणून दुकानातून परस्पर आणून टोचू नका. आणि पॉलिसीचं नूतनीकरण करताना बाह्यरुग्ण औषधांचं कलम कुठे आहे, ते कंपनीला लेखी विचारा. नाही म्हणाले तर तो नकारही लेखी घ्या.