फोटो माझा, नाव 'संग्रहित'

ताडकळसहून बोलतोय. आज आवाज जरा चिडका वाटला तर समजून घ्या.

झालं असं, की मागच्या वर्षी आजीचा कापूस वेचतानाचा एक फोटो काढला. कोवळं ऊन, ओटीत कापूस, आजी हसतेय. एका मासिकाच्या दिवाळी अंकासाठी तो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि लिहिलं, "आवडला तर वापरा." आवडला त्यांना. छापलासुद्धा. खाली काय, तर 'छायाचित्र : संग्रहित'. आजीला अंक दाखवला तर ती म्हणाली, "तुझं नाव कुठंय रे?" काय सांगणार तिला!

फोन केला, तर म्हणे, "अहो, तो ग्रुपवर फिरत होता." म्हणजे माझ्याच आजीच्या फोटोचा पुरावा मीच द्यायचा! नशीब, मूळ फाइल फोनमध्ये होती, तारीख-वेळेसकट. ती दाखवल्यावर पुढच्या अंकात नाव छापायला तयार झाले. मानधनाचा विषय कुणी काढला नाही, आणि मलाही धीर झाला नाही.

मग कायदा वाचला. १९५७ चा कॉपीराइट कायदा. फोटो काढला की हक्क आपला. नोंदणी सक्तीची नाही. छापायला दिला म्हणून हक्क जात नाही, तो दुसऱ्याच्या नावे करायला सही केलेला कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरतात. आणि हक्क विकला तरी 'हा फोटो मी काढलाय' म्हणायचा अधिकार उरतोच.

पण लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या पोरांनो, तुमचं गणित उलटं आहे बरं का. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक, वेगळा करार नसेल तर. नवरीचा फोटो परस्पर मासिकाला पाठवू नका.

नावाचं दुखणं जुनंच आहे म्हणा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला छायापत्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावानं छापून यायचे. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, नव्वदी उलटून गेल्यावर.

आता मी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत नाही. तिथं साधा फोटो पाठवला की दबून लहान होतो, तारीखबिरीख गळून पडते. ईमेल करतो, आधी छोटी प्रत, कोपऱ्यात नाव टाकून. मोठी फाइल होकार आल्यावरच. आणि मेलमध्ये सरळ लिहितो : "हा फोटो फक्त या एका अंकात, एकदाच छापण्यासाठी. वेबसाइट किंवा फेसबुकवर टाकायचा असल्यास आधी विचारावे. फोटोखाली नाव द्यावे. मानधन किती, ते कळवावे."

शेवटचं वाक्य लिहिताना हात थरथरला, खोटं कशाला बोलू. यंदा दोन ठिकाणी असा मेल केलाय. एकाचं उत्तर आलं, मानधन थोडंय पण नाव देणार आहेत. दुसऱ्याचं अजून नाही. आजी रोज विचारते.