अंगणातले गवत



कामगार चळवळीतला माणूस गवतावर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. परंतु अंगणात कोणते गवत लावावे हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात शेवटी पाणी कोणाचे, या प्रश्नापाशीच येऊन ठेपतो. म्हणून तो माझाही प्रश्न आहे.

एका कारखान्याच्या फाटकाशी भर मे महिन्यात हिरवळीवर नळी सोडलेली मी पाहिली. त्याच दिवशी कामगारांच्या चाळीत बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत होत्या. हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात हिरवळ राखायची तर दर चौरस मीटरला रोज सुमारे ५ लिटर पाणी लागते. १०० चौरस मीटरला ५०० लिटर, म्हणजे पंचवीस-तीस हंडे झाले!

मग अंगण उजाड ठेवावे काय? मुळीच नाही. आपल्या पायाखालची हरळी घ्या. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि परदेशांत ‘बर्म्युडा’ या नावाने क्रीडांगणांवर लावतात तीही हीच. उन्हाळ्यात ती वाळून पिवळी पडते. पण मेली असे समजू नका. तिचा जीव जमिनीखालच्या कांड्यांत असतो. चांगला पाऊस झाला की ती पुन्हा फुटते.

लावणी मृगाच्या पावसावर करावी. नुसता मुरूम असेल तर वीतभर माती पसरावी, थोडे शेणखत मिसळावे आणि मुळे फुटलेली कांडी वीत-वीत अंतरावर दाबावीत. पहिल्या पावसाळ्यात तण काढावे. कापताना दोन बोटे गवत राखावे. दाट सावलीत हरळी तग धरत नाही; निंबाखाली झाडलेली जमीनच बरी. मात्र शेजारच्या शेतात तिला शिरू देऊ नका. हरळी खणताना माणसाची पाठ मोडते.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर श्रमदानाने चर खणले, मोकाट चराई बंद केली, तेव्हा बोडक्या डोंगरावर गवत परतले. गवत राखावे लागते, हा त्यातला धडा. आपल्या अंगणालाही तोच लागू आहे.

तेव्हा वैशाखात आपले अंगण पिवळे दिसले तर लाजू नका. त्या पिवळेपणाने कोणाचा तरी हंडा भरलेला असतो.