बोगिल बेटावरचा बंधारा



‘सध्या काय करतेस?’ हे सकाळपासून दहाबारा जणांनी विचारलं. सगळ्यांना एकदमच सांगते: सध्या काही करत नाही. २२ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, फेब्रुवारीत आमचा विभाग बंद झाला. शेवटचं काम कोरियात होतं, आम्ही बांधलेली प्रणाली दुसऱ्यांच्या हाती सोपवायचं. ते झाल्यावर घरी यायचा धीर होईना. आईला अजून सांगितलं नव्हतं. मग सोलहून रेल्वे, बस, बोट करत दक्षिणेला बोगिल-दोला गेले. ‘दो’ म्हणजे बेट.

तिथे युन सन-दो या कवीनं केलेली बाग आहे. १६३७ मध्ये कोरियाचा राजा मांचूंना शरण गेला. राजाच्या मदतीला निघालेल्या युनला ते वाटेतच कळलं. पन्नाशीचा माणूस. आता जेजू बेटावर जाऊन राहायचं म्हणून निघाला आणि मध्येच इथे थांबला.

मी फुलांचे वाफे शोधत होते. तिथे ओढा, मोठाले धोंडे आणि पाइनची झाडं! ओढ्यावर दगडी फरश्यांचा बंधारा, आतून पोकळ. एरवी त्यावरून पलीकडे जायचं; पाऊस वाढला की तोच धबधबा. अडवलेलं पाणी पाच तोंडांनी आत शिरतं आणि तीन तोंडांनी शेजारच्या तळ्यात बाहेर पडतं. मधला सेयॉनजॉंग मंडप अलीकडे पुन्हा उभारलेला, त्याच्या मधल्या खोलीला जमिनीखालून शेक देण्याची सोय. मी वही काढून पाण्याच्या वाटेची आकृतीच काढत बसले. खोड जात नाही!

कौतुक करताना एक खटकलंच. एवढे दगड कोणी वाहिले, त्यांची नावं कुठे दिसली नाहीत. युन खानदानी श्रीमंत, पराभवानंतरही त्याला बाग परवडली. मला घराचा हप्ता आहे. शिवाय तो कायमचा तिथे बसलाही नाही. पुन्हा दरबारी गेला, पुन्हा हद्दपार झाला. कोळ्याच्या आयुष्यावरची ४० कडवी मात्र त्यानं १६५१ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, याच बेटावर लिहिली आणि १६७१ मध्ये तिथेच वारला.

बंधाऱ्याजवळूनच आईला फोन लावला. नोकरी गेल्याचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “बरं. जेवलीस का?”

आता मुलाखती देते आहे. दोन ठिकाणी नकार आलाय. तुमच्यापैकी कोणाकडे काम असेल, तर जेवणाच्या पंगतीत सांगा. मी तिसऱ्या टेबलावर आहे, मागच्या बाकावरच्यांबरोबर.