बंदर आणि मोंढा

श्रोतेहो, उमरीहून मुंबईचा समुद्र रेल्वेने सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर. तेव्हा ‘बंदराशी आमचा काय संबंध?’ असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो मोंढ्यातल्या भावाइतका जवळचा आहे.

असं पाहा. परदेशी जाणाऱ्या कापसाच्या गाठीला तिकडे जी किंमत येते, तीतून वाटखर्च आधी वजा होतो. गाडीभाडे, हमाली, गोदामभाडे आणि खोळंब्याचा भुर्दंड. उरेल त्यात आपला भाव. वाट महाग, तर कापूस स्वस्त.

जुन्या मंडळींना आठवत असेल, आपली लाइन पूर्वी छोटी होती, म्हणजे मीटरगेज. आणि मनमाडपासून मुंबईकडची मोठी. त्यामुळे मुंबईकडे जाणारा माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. बंदरावर पुन्हा उतरवा, पुन्हा जहाजात चढवा. प्रत्येक वेळी हमाली, फाटतूट आणि गेलेला वेळ.

ही अडचण साऱ्या जगाची होती. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने तिच्यावर तोड काढली. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ बंद पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या. माल उचलायचा नाही, पेटीच उचलायची! हीच ती कंटेनरची पेटी. लांबी २० किंवा ४० फूट, रुंदी ८ फूट. एकदा शिक्का लागला की ट्रक, आगगाडी, जहाज काहीही बदलो, आतल्या मालाला हात लावण्याची गरज नाही.

आपल्याकडे या पेट्यांचे मोठे बंदर म्हणजे उरणजवळचे न्हावा शेवा, अर्थात जवाहरलाल नेहरू बंदर. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. २० फुटी पेटी एक धरून मोजले, तर २०२४-२५ साली तेथून सुमारे ७३ लाख पेट्यांची ने-आण झाली. आता पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे त्याहून मोठे बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. योजनेचा खर्च ७६,२२० कोटी रुपये आणि पेट्यांसाठी नऊ टर्मिनल. तेथे समुद्र सुमारे २० मीटर खोल असल्याने अतिशय मोठी जहाजेही लागू शकतील. मात्र किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांनी आपली मासेमारी जाईल म्हणून विरोध केला आहे. आपल्या मालाची वाट सोपी होताना दुसऱ्याची भाकरी जाऊ नये, हेही आपण बोलले पाहिजे.

पण बंदर कितीही मोठे झाले, तरी पेटी तेथवर वेळेवर पोचली पाहिजे. जहाज ठरल्या दिवशी सुटते. चुकलेली पेटी पुढच्या जहाजाची वाट पाहत भाडे खात बसते. वाढवणहून मालगाड्यांचा जो खास मार्ग जोडायचा आहे, तो गुजरातवरून दिल्लीकडे जातो. आपल्याला मनमाडचीच वाट. एकेरी लाइनवर समोरून गाडी आली की मालगाडी स्टेशनात बाजूला उभी! म्हणून दुहेरीकरण महत्त्वाचे. उमरी ज्या पट्ट्यात येते, त्या मुदखेड–मेडचल दुहेरीकरणास ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि छत्रपती संभाजीनगर–परभणीच्या कामास ३१ जुलै २०२५ रोजी केंद्राची मंजुरी मिळाली. जालन्याजवळच्या ड्राय पोर्टचा, म्हणजे कोरड्या बंदराचा पाया २०१५ सालीच घातला गेला. पेटी तेथेच भरून, कस्टमची तपासणी उरकून, थेट जहाजापर्यंत पाठवावी, हा त्यामागचा हेतू.

मंजुरी कागदावर असते, गाडी रुळांवर धावते. तेव्हा ग्रामसभेत, बाजार समितीत आणि लोकप्रतिनिधींपुढे एवढेच विचारा: रूळ कुठवर आले? शेतकऱ्यांच्या कंपन्यांनी एकत्र येऊन पेटी भरण्याइतका एकजात, स्वच्छ माल जमवावा. अर्ध्या पेटीचे भाडे अंगावर पडते. आणि गुरुजींनो, वर्गात नकाशा टांगा. उमरी, मुदखेड, परभणी, जालना, मनमाड, न्हावा शेवा, अशी रेघ मुलांकडून ओढून घ्या. गाडी कुठे अडते, हे त्यांनाच शोधू द्या.