अंगठीतला खडा कोणी घासला?



सकाळी डिंभ्याच्या जलाशयाकाठी फिरताना तुमच्यापैकी काहींनी खिशात खडे भरले, ते मी पाहिलं. सह्याद्रीचा हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे झिरपत्या पाण्यातल्या सिलिकेने त्या पोकळ्या थराथराने भरत गेल्या. त्यातूनच अकीक तयार होतो.

माझ्या बोटातली ही अंगठी अब्बांची. वजू करताना ते ती फिरवून खाली पाणी पोचवायचे. खडा कुठला, असं विचारलं की म्हणायचे, "खंबायतचा." घासला कोणी, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनाही ते माहीत नसावं.

खंबायतला येणारा बराच अकीक भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरचा. तिथे बाबा गोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकी वंशाचे सिद्दी मुसलमान त्यांना फार मानतात, आणि अकीकाचा धंदा त्यांनीच वाढवला अशी परंपरेने चालत आलेली श्रद्धा आहे. दगड आधी विस्तवात भाजतात. त्यातल्या लोहामुळे तो लाल होतो. मग लोखंडी खुंटीवर टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याचे कपचे काढतात. त्यानंतर तो घासतात, भोक पाडतात आणि पॉलिश करतात.

घासताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते. तिने होणारा आजार म्हणजे सिलिकोसिस. खराब झालेलं फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. काम घरातच चालत असल्यामुळे बायका-मुलं आणि शेजारीही धूळ घेतात. पाणी सोडून घासणं, धूळ ओढून घेणारा पंखा, वेगळी शेड, इतकं केलं तरी धोका खूप कमी होतो. पण नगावर पैसे मिळणाऱ्या कारागिराने हा खर्च एकट्याने कुठून करायचा?

इथे एक कबुली देतो. मी सॉफ्टवेअरचं काम करतो. काही वर्षांपूर्वी हस्तकलेचे दागिने विकणारं एक ऑनलाइन दुकान बांधलं. त्यात खड्याचा रंग, वजन, किंमत, विक्रेता, सगळ्याचे रकाने होते. कारागिराच्या नावाचा नव्हता. कोणी मागितला नाही, आणि मलाही सुचला नाही. पानावर 'हाताने बनवलेलं' असं ठळक लिहिलं होतं, पण तो हात कोणाचा हे कुठेच नव्हतं.

उपाय परका नाही. शेजारच्या जुन्नरच्या लेण्यांतले सुमारे १८०० वर्षांपूर्वीचे शिलालेख कारागिरांच्या श्रेणींची नावं सांगतात. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी होती, कासारांची होती, आणि त्यांच्याकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवली जायची. हातावर पोट असलेल्यांची पत होती, कारण ते एकत्र होते.

आणि आजचं उदाहरण याच पाण्यावर आहे. धरणात जमिनी गेलेल्या आदिवासी कुटुंबांनी या जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्या पाण्याने शेत नेलं, त्याच पाण्यावरचा हक्क त्यांनी मिळून मागितला.

मग आपण काय करू शकतो? आपल्या मोहल्ल्यांत जरीवाले आहेत, चांदीकाम करणारे आहेत, घरी बसून मणी ओवणाऱ्या खाला आहेत. एखाद्या शादीखान्याची रिकामी खोली महिन्यातून दोन दिवस मिळाली तरी दालन होतं. प्रत्येक वस्तूखाली कारागिराचं नाव आणि किमतीतला त्याचा वाटा लिहायचा. विक्रीतला ठरलेला भाग पाण्यावर चालणाऱ्या घासयंत्रासाठी आणि छातीच्या तपासणीसाठी बाजूला काढायचा. हिशेब भिंतीवर लावायचा. आणि धर्म बघून ना कारागीर निवडायचा, ना गिऱ्हाईक.

कोणी म्हणेल, इतक्याने बाजार बदलतो का? लगेच नाही बदलत. पण नाव लिहिलं की त्या माणसाची तब्येत विचारावी लागते. सुरुवात तिथूनच होते.

माझ्याकडून एवढंच. दालनाची वेबसाइट मी फुकट बांधून देईन, आणि या वेळी पहिला रकाना कारागिराच्या नावाचा असेल. ते नाव आणून द्यायचं काम तुमचं.